‘रन’ काही संपेना

एप्रिल अर्धा उलटला तरी ‘रन’ संपायची चिन्हं दिसेनात, आणि अल्ली सोरमुनेन मनातल्या मनात उड्या मारत होती.

वरून मात्र ती कपाळाला आठ्या घालून बसे. हेलसिंकीतल्या कासार्मी रस्त्यावरच्या त्या कचेरीत इंग्रजी-फिनिश महाकोशाचं काम चालू होतं, आणि कोशाच्या कचेरीत आनंद दाखवणं म्हणजे मयताला जाऊन शिट्टी वाजवण्यातला प्रकार. ‘ए’पासून ‘क्यू’पर्यंतची अक्षरं शहाण्या मुलांसारखी रांगेने छापखान्यात गेली होती. ‘आर’ही बरंचसं आटोपलं होतं. आणि मग हा जेमतेम तीन अक्षरांचा इंग्रजी शब्द आडवा आला. रन म्हणजे पळणे, असं लिहून हात झटकता आले असते तर काय हवं होतं! पण इंग्रज लोकांना पळण्याची भारीच हौस. त्यांचं घड्याळ पळतं, नदी पळते, रंग पळतो, ताप पळतो, नाटक पळतं आणि रस्ता जागच्या जागी राहून पळतो. यातल्या एकाही ठिकाणी फिनिश माणूस पळायला तयार नाही. प्रत्येक अर्थाला नवा शब्द, प्रत्येक शब्दाला नवं कार्ड, आणि कार्डांचा खोका रोज सकाळी कालच्यापेक्षा जड.

अल्लीच्या उड्यांचं कारण साधं होतं. ‘रन’ संपला की तोर्स्ती लेहमुस जाणार होता. ओउलूच्या नव्या विद्यापीठात त्याला इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली होती आणि तिकडे त्याने कळवलं होतं की हातातला शब्द पुरा झाला की येतो. तिकडच्या बिचाऱ्यांना वाटलं, एक शब्द म्हणजे असा किती वेळ लागणार.

तोर्स्ती म्हणजे कोशाचा संपादक. उंच, वाकलेला, कोटाच्या खिशात नेहमी पेन्सिलींचे तुकडे. अल्ली त्याची सहसंपादक. वर्षानुवर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होते. त्याला कॉफीत किती साखर लागते, कुठल्या शब्दाला तो वैतागतो, वैतागला की कुठला कान लाल होतो, सगळं तिला पाठ होतं. फक्त त्याला नावाने हाक मारायची सोय नव्हती, कारण त्यांच्यात अरेतुरेचा सौदा झालेला नव्हता.

सौदा तसा सोपा. हात पुढे करायचा, आपलं नाव सांगायचं, समोर ग्लास असला तर उचलायचा, आणि मग मरेपर्यंत ‘तू’. पण तो मांडायचा कोणी, याची रीत कडक. बाईने पुरुषापुढे, वडीलधाऱ्याने धाकट्यापुढे, साहेबाने हाताखालच्यापुढे. उलट केलं तर आगाऊपणा. आता इथे अल्ली बाई, म्हणून मान तिचा. आणि तोर्स्ती साहेब, शिवाय वयाने मोठा, म्हणून मान त्याचा. ती म्हणे, साहेब आहेत, ते बोलतील. तो म्हणे, बाईमाणूस आहे, त्यांनी बोलायला हवं. अशा थाटात इतकी वर्षं लोटली. तोवर ‘तू’ नाही आणि ‘तुम्ही’ म्हणायलाही दोघांना जड जाई, म्हणून ते मधूनच वाट काढत.

“साहेबांना कॉफी चालेल का?” अल्ली विचारी.

“चालण्यासारखी आहे. बाईंना हे कार्ड पाहता येईल का?”

“पाहता येईल.”

आणि अगदीच अवघड वेळ आली तर, “खिडकी लावली जावी का?” “लावली जावी.” जणू खोलीत दोघं नाहीतच, खिडकी आपली आपण लागते आहे.

या सगळ्याला वैतागलेली एक बाई कचेरीत होती. रौहाबाई. टायपिंग तिचं, कॉफी तिची आणि तोंडही तिचंच. रौहा म्हणजे शांती. बारशाला कोणाचा तरी अंदाज साफ चुकला होता. युद्धात घरदार सोडून आलेली ही कारेलियाची विधवा. तिकडच्या लोकांच्या जिभेला कुलूप नसतं. वयाने सगळ्यांत मोठी, त्यामुळे ती सरसकट सगळ्यांना ‘तू’ म्हणे आणि कोणाची काही बोलायची छाती नव्हती.

“अल्ली,” एकदा तोर्स्ती वाचनालयात गेलेला पाहून ती म्हणाली, “हा कालचा ‘रन’ कोणी आणला गं? कोंबड्यांच्या खुराड्यापुढचं जाळीचं अंगण?”

“मी आणला. त्यालाही इंग्रजीत ‘रन’ म्हणतात.”

“म्हणत असतील. पण कोंबड्यांचं हे अंगण तुला पंधरवड्यापूर्वीच सापडलं होतं. टाइप मी केलंय, बाई. मग काल सकाळी ‘अहाहा, हे पाहिलं का’ करत कुठून उगवलं?”

अल्लीचा चेहरा बीटाच्या सुपासारखा झाला. खरी गोष्ट अशी होती की ती अर्थ साठवून ठेवत होती. सापडले की लगेच द्यायचे नाहीत. रोज एक, पुरवून पुरवून. बँकेवर लोकांची झुंबड उडते तो ‘रन’ तिने सोमवारी दिला, त्याला फिनिशमध्ये ‘ठेवींचं पलायन’ म्हणायचं की आणखी काही, यावर दोन दिवस छान वाद झाला. मंगळवारी स्कीइंगची घसरण. बुधवारी निवडणूक.

निवडणुकीच्या दिवशी तर हसून हसून पुरेवाट झाली. इंग्रजीत उमेदवार पदासाठी ‘पळतो’. फिनिशमध्ये तो उमेदवारीला स्वतःला ‘मांडून घेतो’.

“बरोबर आहे,” रौहाबाई टाइपरायटरवरून म्हणाली, “तिकडचे धावतात म्हणून दमतात आणि घरी जातात. आपले एकदा बूड टेकलं की उठवून दाखवा.”

तोर्स्ती हसला की आवाज येत नसे, फक्त खांदे हलत. त्या दिवशी खांदे इतके हलले की खिशातल्या पेन्सिली जमिनीवर पडल्या. अल्ली आणि तो दोघं टेबलाखाली एकदम वाकले, डोक्याला डोकं आपटलं, आणि दोघांनीही टेबलाला उद्देशून माफी मागितली.

तेवढ्यात अल्लीच्या लक्षात आलं की आज तोर्स्तीनेही एक कार्ड आणलंय. नदीतून प्रवाहाच्या उलट वर येणारा सॅमन मासा, त्याच्या झुंडीलाही ‘रन’ म्हणतात. फिनिशमध्ये ‘चढणं’ म्हणावं, एवढं लिहिलं की झालं. पण तोर्स्ती जेवणापर्यंत त्यावरच बोलत राहिला. तोर्निओ नदीत आजोबा कमरेएवढ्या पाण्यात कसे उभे राहात, लांब दांड्याचं जाळं कसं फिरवत, पहिला मासा आला की आजी चूल सोडून काठावर कशी पळत येई. अल्लीने एवढं बोलताना त्याला कधी ऐकलं नव्हतं. तिने खोटंच विचारलं, “चढणं की चढाई? साहेबांना काय वाटतं?” आणि तो पुन्हा नदीत उतरला.

शुक्रवारी आणखी गंमत. क्रिकेट नावाच्या खेळातला ‘रन’. कचेरीत कोणाला त्यातलं ओ की ठो कळेना, म्हणून तोर्स्ती ब्रिटिश वाचनालयातल्या एका सद्गृहस्थाकडून समजावून घेऊन आला.

“दोन माणसं असतात,” तो म्हणाला. “समोरासमोर. दोघं एकदम पळतात आणि एकमेकांच्या जागी जातात. मग पुन्हा पळतात आणि आपापल्या जागी येतात.”

“मग?”

“मग पुन्हा उभे राहतात.”

“एकमेकांशी बोलतात?” रौहाबाईने विचारलं.

“मध्ये ओरडतात म्हणे. पण फक्त यायचं की थांबायचं, एवढंच.”

“तेवढं तरी करतात!” रौहाबाई म्हणाली आणि कपबशा जोरात आपटत निघून गेली. तोर्स्तीचा डावा कान लाल झाला.

सगळ्यांत विचित्र दिवस त्यानंतरचा. सकाळपासून तोर्स्ती अस्वस्थ. अल्ली वरच्या फळीवरचा खोका काढायला स्टुलावर चढली की तो छताकडे पाही, उतरली की घसा साफ करी. शेवटी त्याने एक कार्ड लिहिलं आणि अंगार असल्यासारखं तिच्यापुढे सरकवून दिलं. ‘रन: बाईच्या पायमोज्याचा टाका सुटून वरपर्यंत गेलेली उसवण.’ फिनिशमध्ये त्याला ‘डोळ्याचं पलायन’ म्हणतात, कारण विणीतला टाका म्हणजे डोळाच.

“वा!” अल्ली म्हणाली. “हा तर राहूनच गेला होता!” तिने ते कार्ड मोठ्या प्रेमाने खोक्यात लावलं आणि दिवसभर त्या आनंदात कचेरीभर हिंडली.

संध्याकाळी कोट घालताना रौहाबाईने तिला आरशापुढे पाठमोरं उभं केलं. “बघ. पोटरीपासून थेट वर. सकाळपासून. तो बिचारा दुसरं काय करणार? ‘तुझा मोजा फाटलाय’ म्हणायला ‘तू’ लागतं, आणि ‘बाईंचा मोजा फाटण्यासारखा आहे’ असं म्हणता येत नाही!”

अल्ली ट्राममध्ये घरापर्यंत हसत गेली. घरी गेल्यावर मात्र तिला रडू आलं. जो माणूस आपल्याला फाटका मोजासुद्धा सांगू शकत नाही, तो आता उत्तरेला जाणार, तिथे कोणीतरी आगाऊ बाई पहिल्याच आठवड्यात हात पुढे करून मोकळी होणार, आणि आपण इथे पुढचा शब्द लावत बसणार. तिला तो हवा होता. एवढं साधं वाक्य, पण त्याचं कार्ड तिने कधी केलं नव्हतं.

मग संचालक डॉक्टर विक्स्टेट यांचा संयम सुटला. ते खोलीत आले, खोका उचलून पाहिला आणि खाली ठेवला. “हा शब्द उतरायचा सोडून फुगतोय! ‘आर’ घ्यायला छापखान्याचा माणूस वाप्पुच्या आदल्या दिवशी दुपारी येईल. त्याच्या हातात मला ‘रन’ दिसला पाहिजे, शेवटासकट.”

झालं. वाप्पु म्हणजे मे महिन्याची पहिली तारीख, सगळा देश त्या दिवशी वेडा होतो. अल्लीला मात्र ती तारीख फाशीची वाटू लागली. तिच्याजवळचा साठा संपला होता. शेवटचा अर्थ तिने वाप्पुच्या आदल्या दिवशी सकाळी दिला. ‘टु रन आऊट’, संपणे.

दुपारी छापखान्याचा माणूस खोका घेऊन गेला. टेबल एकदम भलं मोठं दिसू लागलं. रौहाबाईने घरी केलेल्या सिमाची बाटली काढली. मनुका वर तरंगत होत्या, म्हणजे लिंबाची ती गोड वारुणी बरोबर उतरली होती. बशीत वाप्पुचा खाऊ, साखर भुरभुरलेल्या, पिठाच्या तळलेल्या जाळ्या ठेवल्या. ग्लास भरले. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, तिने तोंड मिटलं. तिने सकाळी दोघांना वेगवेगळं गाठून दम दिला होता, आज नाही बोललास तर, आज नाही बोललीस तर, असा.

अल्लीने ग्लास उचलला. तोर्स्तीने ग्लास उचलला. अल्लीने श्वास घेतला.

“आता ही पदव्यांची...” ती म्हणाली.

“आता ही नावांची...” तो म्हणाला.

एकदम. एकाच क्षणी. दोघंही चटका बसल्यासारखे थांबले.

“माफ करा, बोलणं बाईंचं चाललं होतं.”

“छे छे, आधी साहेबांचं. पद साहेबांचं आहे.”

“पण मान बाईंचा.”

“वयाचाही मान असतो.”

“मग... बाईंना काय म्हणायचं होतं?”

“काही विशेष नाही. साहेबांना?”

“काही विशेष नाही,” तोर्स्ती म्हणाला आणि एका घोटात सिमा संपवला. मनुका घशात अडकली, तो खोकत सुटला, डॉक्टर विक्स्टेट आत आले, त्यांनी पाठ थोपटली, भाषण केलं, हस्तांदोलनं झाली, आणि तोर्स्ती लेहमुस पेन्सिलींचे तुकडे गोळा करून जिना उतरून गेला.

रौहाबाई टेबलावर डोकं टेकून बसली. “कुत्री बरी,” ती म्हणाली. “कुत्री निदान एकमेकांना हुंगतात.”

“गेला,” अल्ली म्हणाली.

“गाडी उद्या दुपारची आहे. उद्या सकाळी वाप्पु. टेकडीवर विद्यापीठाच्या मुलांचं गाणं ऐकल्याशिवाय तो गाव सोडेल का? बॅग घेऊन येईल, पण येईल. तुझी टोपी कुठाय?”

शालान्त परीक्षा पास झाल्यावर मिळालेली पांढरी टोपी अल्लीकडे होती, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची, पेटीच्या तळाशी. युद्धाच्या साली मिळालेली, म्हणून कापड हलकं. लोक दर वाप्पुला आपापली घालतात. तिला एकटीने घालायची लाज वाटे.

वाप्पुची सकाळ वाऱ्याची आणि गारठ्याची उजाडली, म्हणजे जशी उजाडायची तशीच. कैवोपुइस्तोच्या टेकडीवर अर्धं गाव लोटलेलं. फुगे, कागदी झिरमिळ्या, पिपाण्या, थंड हेरिंग मासे, गरम डोकी, आणि जिकडे पाहावं तिकडे पांढऱ्या टोप्या. नव्या दुधासारख्या, जुन्या लोण्यासारख्या. अल्लीने टोपी आणली होती खरी, पण कागदी पिशवीत. पोरांचं गाणं झालं. ती गर्दीत इकडून तिकडे फिरली. तोर्स्ती कुठेच नव्हता. लोक पांगायला लागले. आणि मग तिला तो दिसला, पार खाली, समुद्राकडच्या रस्त्याने ट्रामच्या थांब्याकडे चाललेला. एका हातात बॅग, डोक्यावर पिवळी पडलेली टोपी.

अल्ली पळाली.

शाळा सुटल्यापासून ती पळाली नव्हती. उतार, ओलं गवत, टाचांचे बूट. एका फुग्यावर पाय पडला, तो फुटला. एका कुटुंबाच्या सतरंजीवरून ती गेली, बटाट्याच्या सॅलडला वळसा घालून. “पळ, मावशी, पळ!” पोरं ओरडली आणि पिपाण्या वाजवायला लागली. कोणीतरी तिच्या गळ्यात झिरमिळी टाकली. खाली पोचेपर्यंत तिला इतकं हसू येत होतं की श्वास घेता येईना.

तोर्स्तीला मध्येच एका झिंगलेल्या विद्यार्थ्याने गाठलं होतं. पोरगं त्याच्या खांद्यावर हात टाकून उभं. “काय टोपी आहे! लोणीच! तू कुठल्या सालचा रे, दादा?”

“तुझा बाप शाळेत मार खात होता ना, त्या सालचा,” तोर्स्ती खुशीत म्हणाला. “आणि तू? तुझी तर अजून ओली दिसते.”

अल्ली जागच्या जागी थांबली. तिला प्रथम संताप आला. इतकी वर्षं आपण कॉफीत साखर मोजून घालतोय, आणि हे कालचं पोर एका झुलत्या पायावर ‘तू’ मिळवून गेलं! कोणाची परवानगी नाही, कोणाचा मान नाही. दोघांच्या डोक्यावर टोपी होती, बस. टोपीखाली कोणी साहेब नसतो, कोणी बाई नसते. सगळे एका वर्गातले. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पिशवी तिच्या हातात होती.

पोरगं डुलत पुढे गेलं. तोर्स्तीने वळून पाहिलं. केस विस्कटलेली, गळ्यात गुलाबी झिरमिळी, धापा टाकणारी आपली सहसंपादक पाहून त्याने बॅग खाली ठेवली आणि सवयीने वाट काढायला सुरुवात केली. “इथे... बाईंचं... येणं झालं का?”

अल्लीने पिशवीतून टोपी काढली. डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला. तिने ती डोक्यावर चढवली, घट्ट ओढली आणि त्याच्याकडे पाहिलं.

तोर्स्तीचे दोन्ही कान लाल झाले. हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

“अल्ली,” तो म्हणाला.

“तोर्स्ती,” ती म्हणाली. “तुझी गाडी कितीची आहे?”

“दुपारची. तू धावत आलीस?”

“टेकडीवरून. एक फुगा फुटला.”

दोघं ‘तू, तुझी, तुला’ असं काहीही बोलायला लागले, लहान मुलं नवं खेळणं फिरवून बघतात तसं. तुझी टोपी. तुझी बॅग. तुला थंडी वाजतेय. तुलाच वाजतेय. ट्राम आली आणि गेली. ती पाहण्याइतकं कोणालाच भान नव्हतं. मग ते स्टेशनच्या दिशेने चालू लागले, बॅग दोघांच्या मध्ये, बॅगेच्या मुठीला एक हात तिचा, एक त्याचा.

“एक सांगू?” अल्ली म्हणाली. “कोंबड्यांचं अंगण मला कधीचं सापडलं होतं. मी लपवून ठेवलं होतं. बरेच लपवले होते.”

तोर्स्तीचे खांदे हलायला लागले. “सॅमन मला गेल्या वर्षीच सापडला होता,” तो म्हणाला. “आणि गळणारं नाक तर त्याच्याही आधी. तू एक दिलास की मी दुसरा काढायचो. मला वाटायचं विक्स्टेट मला आता धरतील, मग धरतील.”

“आणि ओउलूचे लोक?”

“ते अजून वाट पाहतायत. मला तिथे जायला हवं, अल्ली. पण...” तो थांबला. एवढं लांब वाक्य नदीशिवाय त्याने कधी बोललं नव्हतं. “पण उद्या सकाळी टोप्या उतरतील. मग पुन्हा बाई आणि साहेब झालो तर मला ते सोसायचं नाही.”

हीच भीती तिच्याही पोटात होती. तिने बॅग सोडली, फुटपाथवर थांबली, टोपी काढून काखेत धरली आणि गार वाऱ्यात उघड्या डोक्याने हात पुढे केला. तिने वयाचा विचार केला नाही आणि पदाचाही.

“मी अल्ली.”

त्यानेही टोपी काढली. टक्कल पडायला लागलं होतं. तिला तेही पाठ होतं. “मी तोर्स्ती,” तो म्हणाला आणि हात धरला तो धरलाच.

पुढचं वळण ओलांडल्यावर स्टेशनचा मनोरा दिसायला लागला, त्यावरचं घड्याळही. धावलं असतं तर गाडी मिळाली असती. दोघांनीही घड्याळ पाहिलं, दोघांनीही दुसऱ्याने पाहिलेलं पाहिलं.

“उद्याही असते,” तोर्स्ती म्हणाला.

“परवाही असते,” अल्ली म्हणाली.

ते चालत राहिले. थोडं पुढे गेल्यावर तोर्स्तीने घसा साफ केला, छताकडे पाहावं तसं आभाळाकडे पाहिलं, आणि मग सरळ तिच्याकडे वळला.

“अल्ली,” तो म्हणाला, “तुझा मोजा फाटलाय.”